मोडीतले मोल

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला जुन्या वस्तूंच्या छंदावर बोलायला सांगितले आहे. मी मूळचा मिरजेचा, मेकॅनिकलचा डिप्लोमाधारक. नोकरी चाके, ॲक्सल आणि बेअरिंग यांच्या संगतीत गेली. त्यामुळे माझ्या भाषणात अलंकार सापडणार नाहीत, नट-बोल्ट मात्र सापडतील. ते गोड मानून घ्यावेत.

आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी ‘गराज सेल’ हा प्रकार पाहिला असेल. शनिवारी सकाळी घरापुढे टेबल मांडायचे, नको असलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायच्या. त्यात लाज नाही, संकोच नाही. अशा ठिकाणी मिळालेल्या घबाडाच्या गोष्टी तिकडे फार चवीने सांगतात आणि त्यातल्या काही खऱ्याही आहेत. १९८९ साली पेनसिल्व्हेनियातील ॲडम्सटाऊनच्या जुन्या बाजारात एका गृहस्थांनी केवळ चौकट आवडली म्हणून चार डॉलरला एक चित्र घेतले. चित्रामागे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ सालची मूळ छापील प्रत निघाली. १९९१ मध्ये लिलावात तिला चोवीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली. दुसरी गोष्ट न्यूयॉर्क राज्यातली. २००७ साली तीन डॉलरला घेतलेला एक पांढरा वाडगा घरात शोभेला ठेवला होता. तो चीनमधील साँग राजवटीतला, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा निघाला आणि २०१३ मध्ये बावीस लाख डॉलरला गेला.

हे ऐकून कोणाच्या मनात माळ्यावरची ट्रंक उघडायचा विचार आला असेल तर जरूर उघडा, पण वाडगा निघेल या आशेने उघडू नका. या गोष्टी वर्तमानपत्रात आल्या त्या दुर्मिळ आहेत म्हणूनच. मला इतक्या वर्षांत सापडलेली सगळ्यात महाग वस्तू एका चांगल्या मोबाइलच्या किमतीची असेल.

आपल्याकडे गराज नाही आणि सेलही नाही. आपल्याकडे वस्तू ‘मोडीत’ जाते. पितळेचा बंब, घंगाळ, सातपदरी पोळीचा डबा, आजीचा पानाचा डबा, हे सगळे किलोवर जाते. रद्दी रद्दीवाल्याकडे, लोखंड भंगारवाल्याकडे, जुने कपडे बोहारणीकडे. तिथून त्यातले काही पुण्याच्या जुन्या बाजारात पोहोचते. कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी तो भरतो. काही मुंबईत मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात जाते. बंगळूरला चिकपेटच्या बाजूला रविवारी पहाटे असाच बाजार असतो. उजाडायच्या आत बॅटरी घेऊन जाणारे दर्दी तिथे भेटतात.

आणि आपल्या म्हैसुरात? इथे भंगाराला ‘गुजरी’ म्हणतात. मी नवीन होतो तेव्हा या शब्दाची फार गंमत वाटली. कारण आमच्या शेजारच्या कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफकट्टा! एकाच शब्दाने तिकडे सोने विकतात आणि इकडे गंजका पत्रा. माझा सगळा छंद या दोन अर्थांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

छंद म्हटले की आपल्या मराठी माणसाला पुण्याचे दिनकर केळकर आठवलेच पाहिजेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ. चष्म्याचे दुकान चालवत त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. बाळपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि १९६२ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो आकड्यामुळे नाही. लोक तेव्हा राजांच्या तलवारी जमवत. केळकरांनी अडकित्ते जमवले, पाय घासायच्या वज्री जमवल्या, दिवे, कुलपे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. आज अडकित्त्याच्या दालनासमोर उभे राहिले की कळते, साधी सुपारी कातरायला आपल्या लोकांनी किती डोके आणि किती हौस लावली होती. ते त्यांनी जमवले नसते तर किलोवर गेले असते.

आता आपल्या गावाकडे येतो. म्हैसुरात जुन्या वस्तू शोधणाऱ्याला दोन गोष्टी हटकून भेटतात. पहिली म्हणजे जावा आणि येझ्दी मोटरसायकल. यादवगिरीचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ पासून १९९६ पर्यंत चालला. १९७३ पासून गाडीचे नाव येझ्दी झाले. कारखाना बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी या शहरात त्या गाडीचा आवाज ऐकून मॉडेल सांगणारे मेकॅनिक आहेत आणि घराच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्याही आहेत. कोणाकडे असली तर एक सांगतो, गाडीआधी कागद पाहा. इंजिन नंबर आणि चासी नंबर आर.सी. बुकाशी जुळत नसेल तर ती गाडी नाही, सुट्या भागांचे पोते आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क ठेवले. पण मग ती गाडी रोज कामावर न्यायची नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट एच.एम.टी. घड्याळ. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला ही घड्याळे तयार होऊ लागली आणि पुढची तीस वर्षे नोकरी लागली, लग्न ठरले की हातात एच.एम.टी. आले. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि एका रात्रीत ‘जनता’ आणि ‘पायलट’ यांना भाव चढला. भाव चढला की नक्कल आलीच. आज बाजारात चकचकीत डायलचे जे जुने ‘पायलट’ दिसतात, त्यांतील पुष्कळांत यंत्र एकाचे, केस दुसऱ्याची आणि डायल गेल्या महिन्यात छापलेली असते. डायलवरील अक्षरे भिंगातून पाहावीत. मूळ छपाईच्या कडा स्वच्छ असतात, नव्या छपाईत शाई पसरलेली दिसते. काटे पिवळे पडले आहेत आणि डायल पांढरीशुभ्र आहे, असे कधी होत नाही. दोघांनी ऊन-पाऊस बरोबरच पाहिलेला असतो.

नकलेचा विषय निघालाच आहे, तर माझ्या धंद्यातली एक युक्ती सांगतो. मी बाजारात जाताना खिशात तीन वस्तू ठेवतो. एक लोहचुंबक, एक भिंग आणि एक थ्रेड गेज. चुंबक कशासाठी हे सगळ्यांना माहीत आहे. पितळ म्हणून दिलेली वस्तू चुंबकाला चिकटली की आत लोखंड आहे. थ्रेड गेज मात्र आमच्यासारख्यांनाच सुचते. इंग्रजांच्या काळातल्या यंत्रांचे आटे बहुधा व्हिटवर्थचे, म्हणजे इंचातले. त्या आट्याचा कोन पंचावन्न अंशाचा. मेट्रिक आट्याचा कोन साठ अंशाचा. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हा ‘साहेब, हा १९२० सालचा विलायती कंदील आहे’ असे कोणी सांगितले आणि त्याच्या तळाच्या बोल्टला सहा मिलिमीटरचा मेट्रिक गेज बरोबर बसला, तर मी फक्त नमस्कार करतो आणि पुढे जातो. अधिक (+) खुणेचा स्क्रू दिसला तरी तेच. तो स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाला आणि आपल्याकडे रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. अर्थात दुरुस्तीत एखादा स्क्रू बदललेला असू शकतो. चारही नवे असतील तर मात्र कंदीलच नवा.

सगळ्यात जास्त फसवणूक ग्रामोफोनची होते. मोठा पितळी कर्णा, खाली चौकोनी नक्षीदार पेटी, तिच्यावर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा. हॉटेलांच्या दर्शनी भागात ठेवलेले हे ‘जुने’ ग्रामोफोन नव्या लाकडाच्या पेटीत कुठल्यातरी पोर्टेबलचे मोटर बसवून आपल्याच देशात तयार होतात आणि परदेशी पाहुण्यांना विकले जातात. खरा ग्रामोफोन आपल्या मध्यमवर्गीय घरात असायचा तो बहुतेक पोर्टेबल, सुटकेससारखा. एच.एम.व्ही.चे १०२ हे मॉडेल १९३१ पासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होते. त्याला कर्णा नाही, रुबाब नाही, म्हणून तो भंगारवाल्याला कळत नाही. आवाज मात्र असा की, खोलीत माणूस गातो आहे असे वाटावे.

याच १०२ मुळे मला आज ज्या विषयावर खरे बोलायचे आहे, तिथे येतो.

मागच्या वर्षी आपल्या भागातल्या एका काकूंना पंधरा दिवसांत घर रिकामे करायचे होते. नाव घेत नाही, पण आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आहेत. काका जाऊन दोन वर्षे झाली होती, मुलगा परदेशात, त्याने आईला न्यायचे ठरवले. तेवीस किलोच्या दोन बॅगा, एवढाच संसार बरोबर जाणार. बाकीचा गुजरीला. काकूंना कन्नड बोलता येते, पण भाव करता येत नाही, म्हणून त्यांनी मला बोलावले.

गुजरीवाला चांगला माणूस होता, लबाड नव्हता. त्याच्यापाशी तराजू होता आणि तो तराजूच्या भाषेत बोलत होता. बंबाचा भाव पितळेचा, ट्रंकांचा भाव पत्र्याचा. ग्रामोफोन त्याने उचलून पाहिला आणि तीनशे रुपये म्हणाला. साठ-सत्तर तबकड्या होत्या, त्यात बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्याही होत्या. त्याने एक हातात घेऊन बाजूला ठेवली. ‘वेट इल्ला सार!’ वजन नाही म्हणे. बरोबरच आहे. लाखेच्या तबकडीला भंगारात काही किंमत नाही, पडली की काच फुटल्यासारखी फुटते.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. बरीच वर्षे मी चालू अवस्थेतला १०२ शोधत होतो. तीनशे रुपये मी जागेवर दिले असते आणि काकूंनी आनंदाने दिला असता. उलट, ‘तूच घेऊन जा रे, पैसे कसले?’ असेच त्या म्हणाल्या. या छंदातले लोक अशा प्रसंगाला ‘नशीब’ म्हणतात. माझ्या एका सहकाऱ्याने तर मला नंतर सरळ वेड्यात काढले. पण माझा याबाबतीत हिशेब असा आहे. जुन्या बाजारातला दुकानदार आणि मी, दोघेही धंद्याच्या मैदानात उतरलेलो आहोत. तिथे तो मला फसवायला बसला आहे आणि मी त्याच्यापेक्षा जास्त वाचून आलो आहे. तिथे घासाघीस करावी, स्वस्तात मिळाले तर घरी येऊन पेढे वाटावेत. पण घर मोडणाऱ्या माणसाच्या दारात आपण ग्राहक म्हणून उभे नसतो. त्याने आपल्याला जाणकार म्हणून बोलावलेले असते. त्याला किंमत न सांगता वस्तू उचलणे म्हणजे पंचाने बॅटिंग करण्यासारखे आहे.

मी काकूंना म्हणालो, ‘काकू, मला हा हवा आहे, म्हणून याची किंमत मी ठरवणार नाही.’ बंगळूरच्या एका व्यापाऱ्याला फोटो आणि चालू यंत्राचा आवाज पाठवला. त्याने चौदा हजार सांगितले. तेवढे मी त्यांना दिले. काकू आधी रागावल्या, मग डोळे पुसले, मग म्हणाल्या, ‘यांना कळलं असतं तर म्हणाले असते, बघ, मी उगीच नव्हतो सांभाळत.’ तबकड्यांची यादी करून मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सबद्दल त्यांच्या मुलाला कळवले. १९९० पासून ही मंडळी जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या मागे आहेत. तबकड्या सध्या माझ्याकडेच उभ्या रचून ठेवल्या आहेत. आडव्या, एकीवर एक रचल्या तर खालच्या वाकतात आणि तडकतात, हे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी लक्षात ठेवावे.

पण त्या दिवशी तिथे याहून अवघड दोन वस्तू होत्या.

एक हातकंदील. रेल्वेचा, तीन रंगांच्या काचांचा, त्यावर ठसा ‘एम. अँड एस. एम.’ म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. आपल्या सहकाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ‘मराठा’ हे नाव लावणारी रेल्वे कंपनी होती. १८८२ ची सदर्न मराठा रेल्वे आणि मद्रास रेल्वे १९०८ मध्ये एकत्र येऊन ही झाली, आणि १९५१ मध्ये सदर्न रेल्वेत विलीन झाली. एकेकाळी म्हैसूरच्या गाड्याही सदर्न मराठाच चालवत असे. तेव्हा मेटगळ्ळीतल्या मराठी घरात हा कंदील दिसल्यावर मला काय वाटले असेल याची कल्पना करा. गुजरीवाल्याने पितळेच्या भावाने आठशे रुपये सांगितले होते.

तो मी घेतला नाही आणि त्यालाही घेऊ दिला नाही. कारण काका रेल्वेत नव्हते आणि तो कंदील घरात कसा आला हे काकूंना सांगता येईना. १९६६ चा रेल्वे प्रॉपर्टी (अनलॉफुल पझेशन) ॲक्ट आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. रेल्वेची वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय आला, तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे आपणच सिद्ध करायचे असते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि पहिल्याच गुन्ह्यालाही खास कारण नसेल तर किमान एक वर्ष. रेल्वेच्या लिलावात घेतलेल्या जुन्या वस्तू बाजारात फिरतात, त्या बेकायदा नाहीत. पण लिलावाचा कागद वस्तूबरोबर फिरायला हवा. कागद नसलेला ठसा म्हणजे गळ्यातली घंटा. आणि आपण रेल्वेवाल्यांनी तर दुहेरी जपायचे. आपल्या कंडक्ट रूल्सप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही. घरच्यांनी केला तरी कळवावा लागतो. म्हणून मी जमवतो, दुरुस्त करतो, अदलाबदल करतो, पण घ्यायचे आणि नफ्याने विकायचे या वाटेला जात नाही. ‘रिटायर झाल्यावर दुकान टाकणार का?’ असे आमच्या सेक्शनमध्ये विचारतात. बघू. अजून बरीच वर्षे आहेत.

कंदिलाचे काय केले? आपल्या केआरएस रस्त्यावरचे रेल्वे संग्रहालय १९७९ साली सुरू झाले, दिल्लीनंतर दुसरे. तिथे महाराणींची सलून आहे, रुळांवर चालणारी ऑस्टिन मोटार आहे. काकूंच्या सहीने रेल्वेकडे अर्ज केला आहे की, पतीच्या पश्चात घरात ही वस्तू आढळली, ती संग्रहालयास द्यावयाची आहे. उत्तर यायचे आहे. तोपर्यंत कंदील काकूंच्या मुलाच्या एका नातलगाकडे आहे, माझ्याकडे नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण समोर आर.पी.एफ.चे आपले दोन मित्र बसलेले दिसत आहेत!

दुसरी वस्तू म्हणजे कापडात बांधलेला एक कागदांचा गठ्ठा. काकांच्या आजोबांचा, तासगावकडचा. अक्षर मोडी. आणि तो निघाला होता मोडीत! हा विनोद मी करत नाही, घडला तसा सांगतो. रद्दीच्या ढिगात वर्तमानपत्रांच्या मध्ये तो गठ्ठा होता. चार किलोला जो भाव, तोच त्याला. काकूंना मोडी येत नाही, मुलाला देवनागरीच कशीबशी येते. ‘शेताचे काहीतरी कागद असतील रे, ती शेती तर कधीच गेली,’ त्या म्हणाल्या.

मंडळी, मराठ्यांच्या इतिहासाचे अर्धे काम अशाच गठ्ठ्यांतून झालेले आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून पायपीट करत कागद गोळा करत फिरले. १८९८ साली त्यांचा पहिला खंड निघाला आणि पुढे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले. राजवाड्यांच्या हाती लागले ते वाचले. वाण्याच्या पुड्यांना गेले त्यांचा हिशेब कोणाकडे नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, तिथे मोडी वाचणारी माणसे आहेत. आपल्याच दक्षिणेत, तंजावरच्या सरस्वती महालात मराठ्यांच्या दरबारचे मोडी कागद ढिगाने आहेत. म्हणजे ही लिपी वाचणाऱ्याला इकडेही काम आहे.

त्या गठ्ठ्यात काय आहे? मी पानांचे फोटो काढून मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांना पाठवले. बरेचसे खरोखरच शेताचे, सावकारीचे कागद आहेत. पण चार-पाच पत्रे घरगुती आहेत. त्यातल्या एकात प्लेगच्या साथीत गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिल्याचा मजकूर आहे, कोण कोण गेले त्यांची नावे आहेत. ती नावे मी फोनवर काकूंना वाचून दाखवली. त्यातले एक नाव त्यांच्या दिरांचे होते. पूर्वजाचे म्हणून ठेवलेले, पण कोणाचे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, ‘दादा, ते कागद विकायचे नाहीत. स्कॅन करून मूळ पुण्याला देऊ.’ तो गठ्ठा या दिवाळीत मी गावी जाताना पुण्याला नेणार आहे.

कायद्याचे आणखी थोडे. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे वगैरे ‘पुरावस्तू’ ठरते. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरेत. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, मूर्ती-चित्रांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि देशाबाहेर तर खासगी माणसाने नेताच येत नाही. मुलाकडे अमेरिकेला जाताना देव्हाऱ्यातली पणजीच्या काळची मूर्ती बॅगेत टाकणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. आणि गुजरीत जुनी पंचधातूची मूर्ती दिसली तर, आपण गणपतीच्या मांडवात बसलो आहोत म्हणून स्पष्टच सांगतो, ती घेऊ नका. देवळातून चोरी होऊन मूर्ती बाजारात येतात. स्वस्तात देव मिळत असेल तर त्याच्या मागे एखादा रिकामा गाभारा असू शकतो.

आपल्यात खानापूर-विटा भागातले गलाई बांधव बसले आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. सोने-चांदी मुशीत जाण्यापूर्वी ती शेवटची पाहणारे डोळे तुमचे असतात. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, त्यात चांदी जवळपास ब्याण्णव टक्के. १९४० पासूनच्या रुपयात ती निम्म्यावर आली. हे तुम्ही मला शिकवाल. पण १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया दिसला तर वितळवू नका. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि सरकारने ते नाणे परत घेऊन बदलले. वाचलेल्यांना संग्राहक चांदीच्या कितीतरी पट देतात.

मात्र नाण्यांच्या बाबतीत उलट्या दिशेचीही फसवणूक आहे आणि ती आपल्या दारापर्यंत येते. ‘ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या’ असे संदेश फोनवर येतात. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन असे पैसे काढून घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही वापर झाला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीरपणे सांगितले की, अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण असले शुल्क घेत नाही. नोटा छापणारा कारखाना आपल्या मेटगळ्ळीत आहे, शेजार तरी आपल्याला एवढे शिकवणारच! दुसरा प्रकार ‘राइस पुलर’चा. तांब्याचे जुने भांडे तांदूळ ओढते, त्यात इरिडियम आहे, एक मोठी संस्था कोट्यवधींना घेणार आहे, फक्त तपासणीचा खर्च तुम्ही करा. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात यात सुशिक्षित लोक बुडाले आहेत. तांबे तांदूळ ओढत नाही. दाण्यांत लोखंडाचा चुरा आणि भांड्यात चुंबक असेल तर ओढते. माझे खिशातले चुंबकही ओढेल, ते मी पन्नास रुपयांना द्यायला तयार आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना घरातले काही दाखवायचे असेल त्यांनी आणावे. वस्तू काय आहे, साधारण कधीची आहे, ठेवावी की द्यावी, द्यायची तर कोणाला, हे मला माहीत असेल तेवढे सांगेन. माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याचे नाव सांगेन. विकत काही घेणार नाही. मोडी कागद असतील तर कृपया प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणू नयेत, सुती कापडात आणावेत. आणि सर्व वहिनींना एक हात जोडून विनंती: पितळेची वस्तू आणणार असाल तर चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून चकचकीत करून आणू नका. मळलेलीच आणा.